पाहुण्यांनी बसून राहावं

वर्लीन स्टॅम्प्सला चर्चचं पत्र आलं ते मंगळवारी, लाइटचं बिल आणि श्रवणयंत्राची जाहिरात यांच्या मधोमध. "प्रिय मित्र" अशी सुरुवात. मित्र! ज्या चर्चच्या स्वयंपाकघरात तिनं एकेचाळीस वर्षं बटाटे सोलले, ज्याच्या दारात उभी राहून तिनं येणाऱ्याजाणाऱ्याशी हात मिळवले, त्या चर्चनं तिला मित्र म्हणायचं, म्हणजे नवऱ्यानं बायकोला "ओ बाई" म्हणून हाक मारण्यातलाच प्रकार.

पुढं लिहिलं होतं की मेडलॉक ब्रँच बॅप्टिस्ट चर्चनं सभासदांचा पट ताजा केला आहे. दोन वर्षांत एकदाही उपासनेला न आलेल्यांची एकशे बारा नावं कमी केली आहेत. आणि मागच्या दफनभूमीत आता थोड्याच जागा उरल्यामुळे त्या फक्त पटावरच्या सभासदांसाठी राखल्या आहेत. खाली एक हसरं तोंड काढलेलं, आणि "आम्हाला तुमची आठवण येते!"

"आठवण येते म्हणे मेल्यांना," वर्लीन म्हणाली. "दीड मैलावर राहते मी. चंद्रावर नाही."

तीन वर्षांपूर्वी मागच्या पायरीवर पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती घरात होती. तीन वर्षांत चर्चमधून तिच्याकडे एकच माणूस आला, तोही चर्चची घडीची टेबलं परत न्यायला. त्यानं दारातूनच विचारलं, टेबलं कुठं आहेत? ती कशी आहे ते विचारायचं त्याला सुचलं नाही. टेबलं मात्र त्यानं दोनदा मोजली.

हे सगळं ती गिळून बसली असती. चौऱ्याऐंशी वर्षांत तिनं यापेक्षा वाईट गिळलं होतं. पण दफनभूमीचं वाक्य काही केल्या घशाखाली उतरेना. तिथं तिचा नवरा हॉयट होता. दगड एकच, दोघांचा. उजव्या बाजूला तिचं नाव, जन्माचं साल आणि पुढं एक आडवी रेघ, सगळं कोरून तयार. डॉक्टरनं मार्चमध्ये तिची छाती तपासली आणि सांगितलं की नवा सोफा वगैरे हप्त्यावर घेऊ नका. एकोणीस वर्षं हॉयट एकटा पडला होता, आणि आता त्याच्या शेजारी कुणा परक्याची सासू येऊन झोपणार? तिनं लगेच चर्चला फोन लावला. यंत्रानं उचलला. उपासनेच्या वेळा हव्या असतील तर एक दाबा, अर्पण द्यायचं असेल तर दोन दाबा.

"आणि मेलेल्यांसाठी कुठलं बटण?" तिनं यंत्राला विचारलं आणि फोन आपटला.

रविवारी रोसाउरा तिला घेऊन निघाली. रोसाउरा म्हणजे तिला सांभाळायला येणारी बाई, पन्नाशीची, ग्वाटेमालाची, पक्की कॅथलिक. बॅप्टिस्ट चर्चात तिनं आजवर पाऊल टाकलं नव्हतं आणि तिला जरा धाकधूक होती.

"मिस वर्लीन, तिथं गुडघे टेकायचे का?"

"बॅप्टिस्ट माणूस गुडघे टेकतो ते फक्त गाडीखाली पडलेली किल्ली शोधायला."

"आणि क्रूसाची खूण?"

"करू नकोस. त्यांना वाटेल माश्या हाकलतेयस."

"वाइन देतात ना पण?"

"द्राक्षाचा रस देतात, अंगुस्तानाएवढ्या पेल्यात, आणि तोही तीन महिन्यांतून एकदा. वाइन ते घरी पितात, पडदे ओढून." वर्लीननं पर्स मांडीवर घट्ट धरली. "आता नीट ऐक. दारात सगळे हसतील, हात दाबतील. ते खरं धरू नकोस. कुठंही बसा म्हणतील. कुठंही बसू नकोस, प्रत्येक जागेला मालक असतो, आणि तो काही बोलत नाही, नुसता मागं उभा राहून खोकतो. प्रवचन संपलं की पाळक म्हणेल, माना खाली घाला, डोळे मिटा, ज्याला प्रभू बोलावतोय त्यानं पुढं यावं. गाणं सुरू होईल आणि कुणी पुढं जाईपर्यंत संपणार नाही. तेव्हा तू खुर्ची घट्ट धरून बस. पुढं गेलीस तर टाकीत बुडवून बाप्तिस्मा देतील, ओली होऊनच परत येशील."

रोसाउरानं गाडी चालवता चालवता चटकन क्रूसाची खूण केली. "आणि तुम्ही?"

"मी जाणारेय पुढं. पटावरून नाव गेलेल्याला परत यायला तेवढं एकच दार आहे. सगळ्यांसमोर चालत जायचं, आणि मग लोक मत देतात. इथं पाळक म्हणजे राजा नव्हे, पगारी माणूस. टाकीत पाणी गरम घालायचं की गार, यावरसुद्धा मत घेतात." ती खिडकीबाहेर बघायला लागली. "नऊ वर्षांची असताना गेले होते एकदा. तेव्हा कुणी माझं नाव विचारलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं."

चर्चच्या आवारात शिरताच पिवळ्या जाकिटातला एक माणूस हात हलवत धावला. पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी दाराजवळ गाडी लावायला वेगळ्या जागा, त्यापुढं रंगीत शंकू. गाडीतून वॉकर निघालेला पाहून त्याचा चेहरा असा काही फुलला की जणू त्याला लॉटरी लागली. दारात केलिन नावाची एक पोरगी उभी होती, गळ्यात ओळखपत्र, दात विटांसारखे एका ओळीत.

"वेल्कम! आमच्याकडे पहिल्यांदाच का?"

"पोरी, तुझी आजी दुपट्यात होती तेव्हापासून मी या दारात उभी आहे," वर्लीन म्हणाली.

"अय्या, किती गोड!" केलिन म्हणाली, आणि वर्लीनकडे पाठ करून रोसाउराला विचारलं, "त्यांना कॉफी चालते का?"

"त्यांना दूध घातलेली चालते," वर्लीन म्हणाली, "आणि त्यांना कानांनी ऐकूही येतं."

पण तोवर केलिननं तिच्या कोटावर निळं स्टिकर चिकटवलं होतं: मी नवीन आहे! हातात एक पिशवी दिली. पिशवीत कॉफीचा मग, पेन, छोटासा पाव आणि माहितीचं कार्ड. आमच्याबद्दल तुम्हाला कुठून कळलं? मित्राकडून, इंटरनेटवरून, रस्त्यावरच्या पाटीवरून. वर्लीननं कार्ड उलटंपालटं केलं. वाण्याच्या दुकानात तरी गिऱ्हाइकाला इतकं विचारत नाहीत.

आत बाकं नव्हती. ओक लाकडाची बाकं काढून जांभळ्या गाद्यांच्या खुर्च्या मांडल्या होत्या, आणि वेदीच्या जागी ढोल, गिटारी आणि वायरींचं जंगल. लोक हातात कॉफीचे पेले घेऊन बसले होते, तंगड्या पसरून. वर्लीननं ओळखीच्या चेहऱ्यांसाठी नजर फिरवली. होते पाचसहा. बिली रे होता, तो तिला पाहून आपल्या फोनमध्ये गुंतला. आणि दुसऱ्या रांगेत, मांडीवर हजेरीचं जाडं पुस्तक घेऊन, लाफे बर्डेट.

लाफे म्हणजे चर्चची कारकून. तीस वर्षं ती ठरावांची नोंद ठेवत होती. ती आणि वर्लीन आठ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. प्रत्येकीनं घरी केलेला पदार्थ आणायच्या एका वार्षिक जेवणावळीत वर्लीन भर पंगतीत म्हणाली होती, "लाफे, ही डंपलिंगं दुकानातली आहेत." ते खरं होतं, हीच पंचाईत झाली.

"हीच ती," वर्लीन रोसाउराच्या कानात पुटपुटली. "पत्रं टाइप करणारी. माझं नाव खोडताना हिला जिलबी खाल्ल्यासारखं वाटलं असेल."

पहिली तीन गाणी झाली आणि पाळक वर आला. ब्रदर केड. चौतीस वर्षांचा, पायांना चिकटलेली पँट, घोट्याच्या वर संपणारी. आल्याला जेमतेम दोन वर्षं झालेली, आणि हॉयटसारख्यांनी स्वतःच्या हातांनी विटा चढवलेल्या चर्चात हा आयत्या बिळातला नागोबा. तो उंच स्टुलावर बसला आणि म्हणाला, "आज आपल्यामध्ये काही खास लोक आहेत. आता आपण काय करणार? सभासदांनी उभं राहायचं, आणि पाहुण्यांनी बसून राहायचं. म्हणजे पाहुण्यांना कुणी लाजवायला नको, आणि आम्हाला तुम्ही सापडाल!"

खुर्च्या सरकल्या. दीडशे माणसं उभी राहिली. वर्लीननंही वॉकर पुढं ओढला, पाय जमिनीला रोवले आणि उठायला लागली.

"बसा, बसा, आजी," शेजारून एक टाय लावलेला माणूस म्हणाला. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला हळूच खाली दाबलं. "पाहुण्यांनी बसायचंय."

"मी पाहुणी नाहीये."

"असू दे, असू दे. गैरसमज होतो पहिल्यांदा."

ती पुन्हा उठायला लागली. त्यानं पुन्हा दाबलं, आणखी प्रेमानं. आजूबाजूचे वळून हसायला लागले, लहान मूल पंगतीत नाचतं तेव्हा हसतात तसे. कुणी तिचा हात दाबला, कुणी पाठ थोपटली, एका बाईनं तर गाल धरला. वर्लीनच्या अंगाचा तिळपापड झाला. तिसऱ्या वेळी तिनं त्या टायवाल्याच्या बोटांवर पर्स हाणली, दात-ओठ खाऊन वॉकरवर भार टाकला आणि उभी राहिली. सरळ, कुणाचा हात न धरता. खुबा आगीसारखा पेटला होता. पण तोवर स्वागत संपलं होतं आणि सगळे खाली बसले होते. दीडशे बसलेल्या माणसांत ती एकटीच उभी, छातीवर निळं स्टिकर.

"थँक यू, मॅम!" ब्रदर केड स्टुलावरून म्हणाला. "केवढा हा उत्साह!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

वर्लीन खाली बसली. रोसाउरानं तिचा हात हातात घेतला. "चला घरी जाऊ, मिस वर्लीन," ती म्हणाली.

"हॉयटला इथंच सोडून? मुळीच नाही."

प्रवचनाचा विषय होता आपलेपणा. ब्रदर केडनं आपल्या कुत्र्याची गोष्ट सांगितली, मग विमानतळावर हरवलेल्या बॅगेची, मग पुन्हा कुत्र्याची. देव कुणालाच विसरत नाही, असं तो अकरा वेळा म्हणाला. वर्लीननं मोजलं. देव विसरत नसेलही, तिला वाटलं, पण त्यानं ठेवलेल्या नोकरांचं काय?

मग दिवे मंद झाले, गिटार हळू वाजायला लागली, आणि तो म्हणाला, "सगळ्यांच्या माना खाली, सगळ्यांचे डोळे मिटलेले. ज्याला यायचंय त्यानं यावं." रोसाउरानं खुर्चीच्या दोन्ही कडा घट्ट पकडल्या. वर्लीन उठली.

नववी रांग ते वेदीची जागा. नऊ वर्षांची होती तेव्हा, जुन्या लाकडी चर्चात, ती एवढंच अंतर पळत गेली होती. आता वॉकर उचलायचा, टेकवायचा, उजवा पाय, डावा पाय, दम खायचा. गाण्याची कडवी संपली. वाजवणाऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. पुन्हा संपलं, पुन्हा धरलं. मिटलेले डोळे एकेक करून उघडले, कारण बारा वाजून गेले होते, आणि बारानंतर एका मिनिटाचा जरी उशीर झाला तरी दुसऱ्या चर्चातले मेथडिस्ट लोक हॉटेलातल्या तळलेल्या कोंबडीपुढं आधी रांग लावतात, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणीतरी सुस्कारा टाकला. वर्लीन मुद्दाम थांबली, रुमालानं नाक पुसलं आणि मग पुढं निघाली.

ब्रदर केड खाली आला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. "मॅम, आज प्रभूनं तुम्हाला कसला निर्णय दिला?"

"माझा निर्णय पंचाहत्तर वर्षांपूर्वीच झालाय, पलीकडच्या ओढ्यात, कमरेएवढ्या गार पाण्यात. आज तुमच्या निर्णयासाठी आलेय. मी वर्लीन स्टॅम्प्स. तुम्ही माझं नाव पटावरून काढलंत. ते परत घाला."

त्याच्या कपाळावर आठी पडली, मग हसू परत आलं. "ओह! काही काळजी करू नका. आमचा नव्या सभासदांचा वर्ग असतो, चार रविवार. पुढच्या महिन्यात सुरू होतोय."

"काय शिकवता त्यात?"

"बॅप्टिस्ट म्हणजे काय, आपलं चर्च म्हणजे काय—"

"बाळा, तुझ्या मागं ती बाप्तिस्म्याची टाकी आहे ना, तिच्या पायऱ्या माझ्या नवऱ्यानं ओतल्यात. मी खाली उभी राहून त्याला सिमेंटची घमेली देत होते. चर्च काय ते मला तू शिकवणार? आणि पुढच्या महिन्यात मी असेन की नाही हे माझ्या डॉक्टरलाही सांगता येत नाही. इथं मत घेतात. मत घे."

माइक चालू होता. सगळ्यांनी सगळं ऐकलं. ब्रदर केडनं घड्याळाकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं आणि उदार व्हायचं ठरवलं. "मंडळी," तो म्हणाला, "या गोड आजींसाठी आपण वर्ग माफ करू या. वर्लीन स्टॅम्प्स यांना मेडलॉक ब्रँचच्या नव्या सभासद म्हणून घ्यावं, असं कुणी मांडतं का?"

"मांडतो!" मागून एक भुकेला आवाज आला.

"अनुमोदन!" दुसरा.

"बाजूचे?"

"होय!" अख्खं चर्च म्हणालं आणि पर्सा, पोरं, गाडीच्या किल्ल्या गोळा करायला लागलं.

"विरोधात कुणी?" हे तो नुसतं रीत म्हणून म्हणाला, म्हणताना त्याचे डोळे शेवटच्या प्रार्थनेसाठी मिटलेही होते. मेडलॉक ब्रँचमध्ये कुणी कधी विरोध करत नसे. जांभळ्या खुर्च्यांनासुद्धा केला नव्हता. बॅप्टिस्ट माणूस विरोध करतो तो घरी गेल्यावर, जेवताना, आठवडाभर.

"माझा विरोध आहे," वर्लीन म्हणाली.

किल्ल्यांचा आवाज थांबला.

"तुमचा? पण मॅम, हा तर तुमच्याच—"

"मी नवी नाहीये. नवी म्हणून घेतलंत तर मी इथं कधी नव्हतेच असं होतं. मी दारात उभी नव्हते, मी कुणाच्या पोरांना गाणी शिकवली नाहीत, हॉयटला मी इथून त्या मागच्या दारानं नेलं नाही." तिचा आवाज चिरकला आणि त्याचा तिला भयंकर राग आला. "तीन वर्षं खिडकीत बसून दर रविवारी तुमच्या गाड्या जाताना बघितल्या मी. एक थांबली नाही. एकसुद्धा नाही! आणि आज मी जिना चढून आले तर मला कॉफीचा मग देता? नका घेऊ मला. कुंपणापलीकडे गवतात पडेन, पण मी नवीन आहे असं म्हणून नवऱ्याशेजारी झोपणार नाही."

बिली रे बुटांकडे बघत होता. ब्रदर केडनं घसा खाकरला. "भावना समजतात, मॅम, पण नियमानं मत फक्त सभासदांना देता येतं. आणि तुम्ही अजून..." त्यानं वाक्य अर्धवट सोडून दुसऱ्या रांगेकडं पाहिलं. "सिस्टर लाफे, हे मत धरायचं की नाही?"

लाफे बर्डेट उठली. उठायला तिलाही वेळ लागला. वर्लीन तिच्याकडं अशी बघत होती की दूधसुद्धा नासावं. आता बोल, तिला वाटलं. आठ वर्षं वाट बघितलीस, घे सूड उगवून.

"पत्र मीच टाइप केलं, वर्लीन," लाफे म्हणाली. "यादी कारभार बघणाऱ्या डिकन लोकांनी केली, पण पाकिटावर पत्ता मी लिहिला. मला वाटलं, वाचून चिडेल. निदान शिव्या द्यायला तरी फोन करेल."

"केला होता," वर्लीन म्हणाली. "यंत्रानं घेतला."

लाफेनं पुस्तक काखेत धरलं. तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पुस्तक उघडलं आणि उभ्यानंच लिहायला लागली. लिहिताना ती मोठ्यानं वाचत होती, शाळेतल्या बाई वाचतात तशी, एकेक शब्द सुटा. "बाजूनं, बाकी सर्व. विरोधात, एक. वर्लीन स्टॅम्प्स, सभासद."

"सभासद?" ब्रदर केड म्हणाला.

"मत धरायचं का विचारलंत ना? मी धरलं. परक्याचं मत आम्ही या पुस्तकात कधी लिहीत नाही, तेव्हा ती सभासदच. आणि जी मुळात सभासद आहे तिला नवी सभासद करता येत नाही, म्हणजे तुमचा ठराव वाया गेला. कुणाला हरकत असेल तर आत्ता सांगा." लाफेनं चष्म्यावरून एकेकाकडं पाहिलं. कुणाला हरकत नव्हती. "मग प्रार्थना करा, ब्रदर. थोडक्यात. लोकांना भूक लागलीय."

प्रार्थना खरंच थोडक्यात झाली. लोक भराभर बाहेर पडले. जाता जाता काही जण वर्लीनशी हात मिळवायला आले, आणि तिनं कुणालाच सोडलं नाही. बिली रेला म्हणाली, तुझी आई असती तर तिनं तुला झोडलं असतं. टायवाल्याला म्हणाली, बोटं दुखतायत का? दुखू देत. केलिन लाजत पुढं आली, तिनं वर्लीनच्या कोटावरचं स्टिकर काढलं आणि घडी घालून मुठीत धरलं. तिला मात्र वर्लीन काही बोलली नाही.

शेवटी लाफे आली. हात पुढं केला नाही, नुसती शेजारी उभी राहिली.

"हॉयटपाशी तण माजलंय," ती म्हणाली. "उद्या काढून घेते. तुझी जागा तशीच आहे."

"नीट उपटून काढ. वरवर कापू नकोस, तुझी सवय आहे तशी," वर्लीन म्हणाली.

"बरं," लाफे म्हणाली आणि गेली.

रोसाउरानं वॉकर धरून तिला पायऱ्यांपाशी आणलं. इतका वेळ ती खुर्चीच्या कडा सोडायलाच घाबरत होती आणि तिला निम्मं कळलं नव्हतं.

"मिस वर्लीन, मला सांगा ना. तुम्ही जिंकलात का हरलात?"

"हरले." वर्लीन पहिल्या पायरीवर थांबली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता. "सगळं चर्च एका बाजूला, मी एकटी दुसऱ्या बाजूला. पण मोजलं गं त्यांनी माझं मत."